आधी जेवण, मग बोलणं

मानसोपचाराच्या पद्धती एकमेकींत मिसळू नयेत, असं माझं अनेक वर्षं ठाम मत होतं. मी शिकले ती विवेकनिष्ठ पद्धत. अल्बर्ट एलिस यांची, महाराष्ट्रात कि. मो. फडके यांनी रुजवलेली. तिच्यातली शिस्त मला आजही आवडते. त्रासामागची हट्टी समजूत शोधायची, तिला प्रश्न विचारायचे, ती सैल करायची. खाण्याच्या आजारातही ‘मी बारीकच राहिले पाहिजे’ ही सक्ती सुटली की मुलगी आपसूक जेवू लागेल, असं मी मानत होते.

आता तसं मानत नाही. वाशिम जिल्ह्यात काम करताना आधी लक्षात आलं ते हे, की कित्येक मुली जाडीचं नावच काढत नाहीत. ‘भूकच नाही’, ‘पोट गच्च वाटते’, ‘घास उतरत नाही’. आया म्हणतात, ‘अंगात रक्तच नाही तिच्या.’ मग लोहाच्या गोळ्या, सलाईन, आणि कुणीतरी ‘बाहेरचं’ बघायला सुचवतं. जाडीची भीती नसलेल्या अशा रुग्ण तरुणींबद्दल भारतीय मानसोपचारतज्ज्ञांनी १९९५ मध्येच लिहून ठेवलं आहे. समजूतच हाती लागत नसेल, तर सैल काय करायचं?

त्यात उपवास. गुरुवार, एकादशी, नवरात्र. कारंजा आणि शिरपूरच्या जैन घरांत तर उपवासाची मोठी परंपरा. त्याबद्दल मला आदर आहे. उपवासाला पारणं असतं. आजारी मुलीचं पारणं मात्र पुढे पुढे जातं, आणि ते माझ्या खोलीत कधीच दिसत नाही. ते दिसतं तिच्या आईला, चुलीपाशी. त्या आईला आम्ही दाराबाहेर बसवत होतो.

मला सर्वांत जास्त हलवलं ते मिनेसोटातल्या प्रयोगानं. १९४४-४५ मध्ये तिथले संशोधक अ‍ॅन्सेल कीज यांनी ३६ निरोगी तरुणांना सहा महिने अर्धपोटी ठेवलं. वजन सुमारे पाव हिश्शानं उतरलं. ती माणसं चिडचिडी झाली, एकटी राहू लागली, घासाचे बारीक तुकडे करत तासन्‌तास जेवू लागली, पाककृतींची पुस्तकं वाचू लागली. पुन्हा अन्न मिळाल्यावर काहींना खाणं आवरेना. यातल्या कुणालाही आधी खाण्याचा आजार नव्हता. म्हणजे जे विचार मी आजाराचं मूळ समजून तपासत बसायचे, त्यातले पुष्कळसे उपाशी मेंदूतून येतात. उपाशी मेंदूशी वाद घालून तो वळत नाही. त्याला आधी अन्न लागतं.

तेही जपून. फार दिवसांच्या उपासमारीनंतर एकदम भरपूर खाऊ घातलं तर रक्तातलं फॉस्फरस घसरतं, हृदयावर बेतू शकतं. म्हणून रक्ततपासणी, नाडी, वजन हे डॉक्टरांनी पाहायला हवं.

मग घर. लंडनच्या मॉड्स्ली रुग्णालयात आकाराला आलेली कुटुंबाधारित पद्धत किशोरवयीन मुलांचं जेवण काही काळ आईबापांच्या हाती देते आणि वजन सावरलं की हळूहळू परत मुलांकडे सोपवते. अमेरिकेत १२१ मुलामुलींवर झालेल्या, २०१० मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात उपचार संपल्यावर वर्षभरानं या पद्धतीनं ४९ टक्के पूर्ण बरे होते. एकट्याशीच बोलण्याच्या पद्धतीनं २३ टक्के. आमच्याकडे ताटासमोर बसायला आजी असते, काकू असते. त्यांना एवढंच शिकवावं लागतं की रागवायचं नाही, लाडीगोडीही नको, पण उठायचंही नाही. मोठ्या वयात, विशेषतः खाऊन ओकण्याच्या आजारात, ब्रिटिश मानसोपचारतज्ज्ञ फेअरबर्न यांची विचार-वर्तन पद्धत आणि गरजेनुसार फ्लुओक्सेटिन हे औषध जास्त कामाचं ठरतं.

मात्र नुसतं सगळं एकत्र करणं मला पटत नाही. डॉक्टर आईला सांगतात ‘भरवा’, समुपदेशक सांगतो ‘तिच्या मागे लागू नका’, आणि मुलगी या फटीतून निसटते. क्रम एक हवा, बोलणं एक हवं. वाशिमला २०२४ पासून शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे, जिल्हा रुग्णालय आहे, १४४१६ वर टेलिमानस ही मानसिक आरोग्याची हेल्पलाइन आहे, गावात आशाताई आहे. माझा आग्रह आता एकाच कागदाचा आहे: वजन, नाडी, तीन वेळचं जेवण, समोर कोण बसलं होतं, आणि पुढच्या आठवड्यात कोण काय सांगणार. तो कागद आईकडे राहावा आणि आम्ही सगळ्यांनी त्याच्यावरच लिहावं. विवेकनिष्ठ संवादाची जागाही त्यावर आहे, वजन सावरल्यानंतरच्या ओळीत.