गुरुवारी जेवताना

परवा एका इंटर्न पोरीने माझ्या तीस वर्षांच्या प्रॅक्टिसमध्ये बिब्बा घातला. खरं तर बिब्ब्यातच बिब्बा घातला म्हणायला हवं, कारण प्रश्न ॲनाकार्डियमचा, म्हणजे बिब्ब्यापासूनच्या आमच्या होमिओपॅथी औषधाचा होता.

पेशंट चाकणला प्रेस शॉपमध्ये. पोटात वरच्या अंगाला आग, डबा उघडून चार घास गेले की शांत, दोनेक तासांनी पुन्हा सुरू. मी त्याला पुढे बोलूच दिलं नाही. 'ॲनाकार्डियम २००' लिहिलं आणि पोरीकडे तिरक्या नजरेने पाहिलं. कसं झटक्यात ओळखलं, हे तिला दिसायला हवं होतं. तो गेल्यावर ती म्हणाली, "सर, त्याला जेवल्याने बरं वाटतं, की अर्धा तास प्रेस बंद असतो म्हणून?"

मी हसण्यावारी नेलं. रात्री मात्र डोळ्याला डोळा नाही.

जेवताना बरं वाटतं, या एका खुणेवर मी किती चिठ्ठ्या लिहिल्या असतील! ज्या जर्मन मंडळींनी दोनशे वर्षांपूर्वी औषध स्वतः घेऊन ही खूण टिपली, ती भोंग्यावर जेवत नसावीत. काळेवाडीत माझ्यासमोर बसणाऱ्याचा घास आणि विसावा एकाच घंटेला येतो. दोन्ही वेगळे करायचे कसे? चहाच्या सुट्टीचं विचारून पाहिलं. "नुसता चहा घेतल्यावर?" "नुसता कोण घेतं डॉक्टर, क्रीमरोल असतोच." रात्रपाळीवाल्यांना विचारलं, तर त्यांना जेवण कोणतं आणि नाश्ता कोणता हेच सांगता येईना.

बिब्बा मला पुस्तकाआधी माहीत होता. आजी तो सुईला टोचून दिव्यावर धरायची आणि टाचेच्या भेगेत चटका द्यायची. बाळंतिणीच्या लाडवात त्याचीच गोडंबी. परटाच्या कपड्यांवरची न जाणारी खूण त्याच्याच तेलाची. कुणाच्या अंगावर उतला की खोबरं आणि तीळ वाटून लावायचे. वैद्य तो विटेच्या पुडीत घोळून शुद्ध करतात, इतका तो जहाल. आजही शनिवारी इथले टेम्पोवाले लिंबू-मिरचीच्या तारेत तो ओवतात. आमच्या दोनशेच्या पोटन्सीत त्याचा कणही उरत नाही, हे रसायनवाल्यांचं गणित बरोबर आहे. नदीपलीकडे पिंपरीत १९५४ साली हिंदुस्थान अँटिबायोटिक्स उभी राहिली. पेनिसिलिनवाल्या त्या गावाचे टोमणे मी पुष्कळ ऐकले आहेत. ते सोसता येतात. या पोरीचा प्रश्न सोसवेना, कारण तो आमच्याच घरातला होता.

आमच्यातले काहीजण फेब्रुवारी आला की दहावीच्या पोरांना सरसकट ॲनाकार्डियम वाटतात, 'मेमरी डोस' म्हणून. त्यांना मी नावं ठेवत आलो. २०१४ साली कायदा बदलला, वर्षभराचा फार्माकॉलॉजीचा कोर्स केला की होमिओपॅथला ॲलोपॅथीची औषधं लिहिता येऊ लागली. मित्र गेले, मी गेलो नाही. तत्त्व म्हणून, असं सांगत आलो. खरी गोष्ट अशी की पन्नाशीत परीक्षेला बसून नापास झालो तर काय, या विचाराने हातपाय गळाले होते. परीक्षेची धास्ती हेही ॲनाकार्डियमचंच लक्षण. स्वतःची केस मात्र कधी घेतली नाही.

पोरीचं दुसरं वाक्य जास्त लागलं. "उपाशीपोटी आग, खाल्ल्यावर आराम, दोन-तीन तासांनी पुन्हा. हे ड्युओडेनल अल्सरचंही वर्णन आहे ना, सर?" आहेच. मलाही शिकवलं होतं. प्रेसवर वाकून काम करणारा माणूस कंबरेसाठी कोणत्या गोळ्या खातो, हे मी विचारलंसुद्धा नव्हतं. दुसऱ्या दिवशी फोन करून त्याला बोलावलं. गोळी रोजची निघाली, मेडिकलमधून परस्पर घेतलेली. ती बंद करायला सांगितली, दुर्बिणीच्या तपासणीची चिठ्ठी दिली. तिथेच थांबायला हवं होतं.

पण माझा प्रश्न तसाच पडून होता, आणि त्याची तोड मला पहाटे सुचली होती. एमआयडीसीची सुट्टी गुरुवारची. त्या दिवशी प्रेस नाही, घंटा नाही, नुसतंच जेवण. पोरीला ऐकू जाईल अशा बेताने मी विचारलं, "गुरुवारी घरी जेवताना थांबतं का?"

"गुरुवारी माझा उपास असतो, डॉक्टर."

पोरगी खिडकीबाहेर पाहू लागली. हसू दाबत असावी. तो चिठ्ठी खिशात घालून उठला, दारापर्यंत गेला. मला राहवलं नाही.

"उपासाला काही खाता ना?"

"खिचडी."

"मग खिचडी खाताना?"