तीन नांवांचें पठार

डोंगरावर जाणें म्हणजे धापा टाकणें, असा जो एक समज आमच्याकडील उत्साही मंडळींनीं रूढ केला आहे, तो आम्हांस कधींच मान्य झाला नाहीं. साठीकडे झुकलेला प्राध्यापक, गुडघेदुखीनें त्रासलेली त्याची पत्नी आणि सहा वर्षांची नात, या तिघांना एकाच वाटेनें व एकमेकांशीं न भांडतां नेणारा डोंगर असूं शकतो; तो शोधावा मात्र लागतो. आम्हांस तो इटलीच्या उत्तर टोंकास, दक्षिण तिरोल प्रांतांत सांपडला. आमची कन्या व जामात नोकरीनिमित्त म्यूनिक येथें असतात. गेल्या जुलैंत आम्ही उभयतां त्यांच्याकडे गेलों असतां कन्येनें ही सहल ठरविली.

या बेताआड दुसरा एक विषय दबा धरून बसला होता. नात सप्टेंबरांत शाळेंत जावयाची होती. तिला मराठी समजे, पण उत्तर ती जर्मनमध्यें देई. ‘घरीं दोन भाषांचा गोंधळ नको, एकच ठेवा,’ असा सल्ला कोणा शिक्षिकेनें दिला होता व कन्येचें मन त्या बाजूस झुकूं लागलें होतें. आमचें कुटुंब त्या वार्तेनें अबोल झालें होतें. पुढें नातीशीं फोनवर काय बोलावयाचें, ही त्यांतील साधी व खरी भीति. म्यूनिकच्या घरांत हा विषय निघाला कीं कोणीतरी चहा टाकण्यास उठे. उघड्यावर तो निघेल, अशी आमची अटकळ होती.

झाइस गांवाहून रज्जुमार्गाच्या डब्यांत बसून आम्ही पाऊण घटकेंत कोम्पाच येथें, म्हणजे सुमारें सहा हजार फुटांवर, पोंचलों. दिवसा खाजगी मोटारींना वर जाण्यास सामान्यतः मनाई असल्यामुळें तेथील शांतता शाबूत आहे. येथून पुढें ५६ चौरस किलोमीटरांचें तें पठार पसरलेलें आहे. युरोपांतील एवढ्या उंचीवरचें सर्वांत मोठें कुरण तें हेंच. पठार म्हणतांच आमच्या डोळ्यांपुढें पांचगणीचें टेबललँड येतें. परंतु हें तसें सपाट नव्हे. जमीन हलकेच उठते, हलकेच उतरते, आणि मधूनमधून गवत साठविण्याच्या लांकडी खोपी उभ्या असतात. पाठीमागें श्लेर्नचा प्रचंड कडा, समोर लांगकोफेलचीं राखी शिखरें. एवढे राकट पहारेकरी असतां मधली जमीन इतकी मवाळ कशी, हा प्रश्न पाहणाऱ्यास पडतोच.

त्याचें उत्तर भूगर्भांत आहे. श्लेर्न हा वीस कोटींहून अधिक वर्षांपूर्वींच्या उष्ण समुद्रांतील प्रवाळभित्तीचा अवशेष आहे. ज्या खडकाचा तो बनला आहे, त्याला देओदा द दोलोम्यू (१७५०-१८०१) या फ्रेंच पंडितावरून डोलोमाइट हें नांव पडलें. त्यांत पाणी ठरत नाहीं. कुरणाखालीं मात्र त्याच समुद्रांतील ज्वालामुखींचा लाव्हा व राख आहे. ती माती ओल धरून ठेवते, म्हणून गवत. आमचा सह्याद्रीही लाव्ह्याचाच, पण वयानें पुष्कळ धाकटा. हें आम्ही नातीस मराठींत समजावून सांगितलें. तिनें निमूट ऐकून घेतलें आणि आईकडे वळून जर्मनमध्यें कांहीं विचारलें. कन्या हंसून म्हणाली, “बाबा, ती विचारते आहे, समुद्र गेला तेव्हां माशांना कोणीं सांगितलें होतें का?” तीस वर्षें वर्गांत प्रश्नांची वाट पाहणाऱ्या माणसाला असा प्रश्न मिळावा, आणि तोही दुभाष्यामार्फत!

कोम्पाच ते साल्त्रिया ही वाट जेमतेम दोन तासांची, बहुतेक उताराची. तिला हान्स व पौला श्टेगर या गिर्यारोहक दांपत्याचें नांव आहे. पौलाबाईंनीं १९३२ सालीं कोर्तिना येथें बर्फावरून घसरण्याच्या जागतिक स्पर्धेंत उताराची शर्यत जिंकली होती. अशा बाईंच्या नांवाच्या वाटेवर आमचें कुटुंब दर बांकावर विसावा घेत होतें, यांत कोणास विसंगति वाटल्यास वाटो. बांक त्यासाठींच मांडलेले होते. गवताची कापणी कांहीं ठिकाणीं सुरू झाली होती. न कापलेल्या भागांत पिवळीं अर्निका व एक काळसर तांबडें आमरीचें फूल होतें, ज्याला व्हॅनिलाचा वास येतो. नात प्रत्येक फुलापाशीं गुडघे टेकून वास घेई, पण तोडीत नसे.

वाटेंत एक पाटी लागली. तिच्यावर पठाराचीं तीन नांवें होतीं: जर्मनमध्यें झाइझर आल्म, इटालियनमध्यें आल्पे दि सिउसी, आणि लादिनमध्यें मोंत सेउक. १९१९ च्या तहानें हा प्रांत ऑस्ट्रियाकडून इटलीकडे गेला. पुढें फॅसिस्ट राजवटींत जर्मन शाळा बंद झाल्या, तेव्हां लोकांनीं तळघरांतून व माळ्यांवरून मुलांना चोरून आपली भाषा शिकविली. १९७२ च्या स्वायत्ततेच्या कायद्यानंतर ती भाषा सन्मानानें नांदते आहे. लादिन तर प्रांतांत वीस हजार लोकांचीच. तरी शेजारच्या ग्र्योडन खोऱ्यांतील शाळांत ती इतर दोन भाषांबरोबर शिकवितात. आम्ही हें सारें कन्येस सांगितलें. आयुष्यभर इंग्रजीवर उपजीविका केलेल्या बापाच्या तोंडून तें तिला कितपत पटलें असेल कोण जाणे. ती म्हणाली, “त्यांच्याजवळ कायदा आहे, बाबा. माझ्याजवळ संध्याकाळचा एक तास आहे.”

यावर आम्हांस तत्काळ उत्तर सुचलें नाहीं.

पुढें एका खोपींत वृद्ध बाई ताक व खारे पदार्थ देत होत्या. त्या आपल्या नातवाशीं लादिन बोलत, सायकलस्वारांशीं इटालियन, आमच्या नातीशीं जर्मन. कन्येनें त्यांस विचारलें, तेव्हां त्या म्हणाल्या कीं घरीं आम्ही आमचेंच बोलतों. बाकीच्या भाषा रस्त्यावर सांपडतात. कन्या आंकडेशास्त्रज्ञ आहे. एका बाईच्या अनुभवावरून कांहीं सिद्ध होत नाहीं, असें ती म्हणाली, आणि तें योग्यच होतें. आमचें कुटुंब इतका वेळ गप्प होतें, तें आतां म्हणालें, “सिद्ध कशाला व्हायला हवें? तुझा तास तुझ्याजवळच राहूं दे. मला रोज वीस मिनिटें दे, मीच बोलेन तिच्याशीं.”

नातीनें पेला ओठांस लावला व आजीकडे पाहून, “ताक आंबट आहे,” असें म्हटलें. तीन शब्द. कोणीं कौतुक केलें नाहीं; केलें असतें तर ती बहुधा पुन्हां बोलली नसती.

साल्त्रियाहून परतीच्या बसमध्यें वेळापत्रक ठरलें. तिकडचे सायंकाळचे सहा, म्हणजे आमच्याकडील रात्रीचे साडेनऊ. शाळा सुरू झाल्यावर तीन महिने पाहावयाचें व मग पुन्हां बोलावयाचें, असें कन्येनें बजाविलें. ऑक्टोबरअखेर तिकडचीं घड्याळें तासभर मागें जातात, तेव्हां आम्हांस साडेदहापर्यंत जागें राहावें लागणार; एरवीं आम्ही दहाला निजतों.