सरासरी सारखी, घाव वेगळा

अनेकांनी एकत्र खेळायच्या ऑनलाइन भूमिका-खेळांत शत्रूचे लक्ष स्वतःकडे ओढून त्याचे घाव झेलणाऱ्या पात्राला 'टँक' म्हणतात, तर टँकची घटत जाणारी प्राणशक्ती मंत्रांनी भरून काढणाऱ्यांना 'हीलर' म्हणतात. 'वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट' २००४ मध्ये आला तेव्हा वॉरियर, पॅलाडिन आणि ड्रुइड या तीन वर्गांना टँकची भूमिका कागदोपत्री खुली होती. प्रत्यक्षात चाळीस जणांच्या मोहिमांत, म्हणजे 'रेड'मध्ये, मुख्य टँक बहुधा वॉरियरच असे, कारण पॅलाडिनपाशी शत्रूला डिवचून आपल्याकडे वळवण्याची 'टाँट' ही क्षमताच नव्हती.

२००७ च्या 'द बर्निंग क्रुसेड' या विस्ताराने हे अंतर बरेच कमी केले. याच विस्ताराची 'क्लासिक' आवृत्ती २०२१ मध्ये आली, आणि तीत प्रस्तुत लेखकाने युरोपीय सर्व्हरवर अस्वलाचे रूप घेणारा ड्रुइड टँक म्हणून खेळवला (मध्य युरोपातील संध्याकाळी साडेसातची रेड हिवाळ्यात पुण्यात रात्री बाराला सुरू होते, त्यामुळे डुलक्या आवरणे हेही टँकचे एक कर्तव्यच ठरे). समतोलाचा प्रश्न तेथे ज्या रूपात समोर आला, ते रूप कोष्टकांतल्या सरासरीत दिसत नाही.

त्या काळच्या नियमांनुसार, खेळाडूहून तीन पातळ्या वरच्या बॉसचा, म्हणजे रेडमधल्या बलाढ्य शत्रूचा, साधा घाव १५ टक्के वेळा दीडपट होई. त्याला 'क्रशिंग ब्लो' म्हणत. घाव चुकणे, हुकवणे, शस्त्राने अडवणे, ढालीवर घेणे आणि क्रशिंग या सगळ्यांचा निकाल एकाच सोडतीत लागत असल्याने पहिल्या चार शक्यतांची बेरीज १०२.४ टक्क्यांवर नेली की क्रशिंगला जागाच उरत नसे, वरचे २.४ टक्के बॉसच्या चढ्या पातळीची भरपाई म्हणून लागत. वॉरियर आणि पॅलाडिन ढालीच्या जोरावर तेथवर पोहोचत. अस्वलाला ढाल नाही, शस्त्राने घाव अडवणेही नाही. म्हणून निर्मात्यांनी त्याला भरघोस चिलखत आणि जास्त प्राणशक्ती दिली.

समजा, बॉसचा मूळ घाव २०,००० चा आहे. चिलखताने ७५ टक्के मार शोषणाऱ्या अस्वलाला तो ५,००० चा बसेल, ६५ टक्के शोषणाऱ्या वॉरियरला ७,००० चा. हिशेब अस्वलाच्या बाजूचा दिसतो, पण क्रशिंग होताच अस्वलाचा घाव ७,५०० वर जातो, आणि असे दोन घाव लागोपाठ पडण्याची शक्यता २.२५ टक्के असली तरी शेकडो घावांच्या लढतीत ती वेळ येतेच. हीलर त्या क्षणी दुसऱ्या कोणाकडे वळलेला असला, तर सरासरी कितीही उत्तम असली तरी ती कामी येत नाही. 'ब्लॅक टेंपल' या रेडमधील इलिडन या बॉसचा 'शिअर' हा वार तर कमाल प्राणशक्तीच ६० टक्क्यांनी घटवी; तो ढालीवर घेता येई, पण ढालच नसलेल्या अस्वलाला तेथे मुख्य टँक करण्याचे धाडस सहसा कोणी करत नसे.

प्रहार करणाऱ्या वर्गांत थोडा फरक राहिला तरी खपून जातो, कारण 'बर्निंग क्रुसेड'मधल्या पंचवीस जणांच्या रेडमध्ये त्यांना जागा पुष्कळ असतात. टँकच्या जागा मात्र दोन-तीनच. तेथे किंचित उणा असणारा वर्ग थोडा कमी निवडला जातो असे होत नाही, तो बाहेरच बसतो. हा फरक निर्मात्यांच्या उशिरा ध्यानात आला, असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे.

पुढच्या विस्तारात बॉसच्या घावांतून क्रशिंग गेले, तरी घावांचा लहरीपणा राहिलाच. टँक इतके घाव हुकवू लागले होते की लागणारा प्रत्येक घाव जबर ठेवावा लागे. म्हणून त्या विस्तारातल्या 'आइसक्राउन सिटाडेल' या रेडमध्ये सर्वांचीच घाव हुकवण्याची शक्यता सरसकट २० टक्क्यांनी उतरवण्यात आली. त्याहून कल्पक उपाय २०१२ मध्ये मंक वर्गाबरोबर आला: त्याच्या 'स्टॅगर' या गुणामुळे घावाचा काही भाग तत्क्षणी न लागता पुढच्या दहा सेकंदांत हप्त्याहप्त्याने लागतो. एकूण मार तेवढाच राहतो, पण हीलरला उसंत मिळते.