अनोळखी पाहुण्याच्या गळ्यात पडणारं मूल

गेल्या महिन्यात आमच्या पेडगावातले एक निवृत्त गुरुजी बी.पी. तपासायला आले. तपासणी झाली, गोळी तीच ठेवली, तरी गुरुजी उठेनात. मग हळूच म्हणाले, "डॉक्टरसाहेब, पुतण्या अमेरिकेहून येतोय. त्याच्या चर्चची बारा माणसं आहेत बरोबर. दहा दिवसांत मराठवाड्यातली चार बालगृहं करणार आहेत. एक दिवस तुम्ही पोरांच्या तपासणीला या."

अष्टविनायक करतात तशी चार बालगृहं करायची! पण गुरुजींना हसण्याचा मला अधिकार नाही. बाळाच्या वाढदिवसाला केक घेऊन अनाथाश्रमात जाणारे तुम्ही-आम्हीही त्याच रांगेतले. आणि मी तर अशा एका दौऱ्यात स्वतः होतो.

२००४ सालची गोष्ट. परदेशातून अशीच एक मंडळी एका बालगृहात पाच दिवसांसाठी आली होती. स्थानिक डॉक्टर आणि अर्धा दुभाषी म्हणून मला नेलं. पहिल्याच दिवशी तीन-साडेतीन वर्षांची एक मुलगी थेट माझ्या मांडीवर येऊन बसली, गळ्यात हात टाकले आणि मला 'पप्पा' म्हणाली. मला भरून आलं. घरी येऊन बायकोला सांगितलं, "लेकराला माझा किती लळा लागला बघ." पाचव्या दिवशी निघताना तिनं विचारलं, "उद्या?" मी म्हणालो, "हो, येतो." पाहुणे विमानतळाकडे गेले, मी पेडगावला आलो. परत गेलो नाही. 'वेड पांघरून पेडगावला जाणे' ही म्हण श्रीगोंद्याजवळच्या पेडगावची, आमच्या नव्हे. पण त्या संध्याकाळी मी ती आमच्या गावालाही लागू करून टाकली.

आता डॉक्टर म्हणून सांगतो. माझ्या ओपीडीत दोन-तीन वर्षांचं मूल आलं की ते मला बघून भोकाड पसरतं, आईला घट्ट धरतं. आई ओशाळते. मी तिला सांगतो, बाई, हे चांगलं लक्षण आहे. साधारण सहा-सात महिन्यांपासून बाळाला 'माझं माणूस' आणि 'परकं माणूस' यांतला फरक कळू लागतो. भूक, भीती, दुखणं, काहीही झालं तरी तेच एक माणूस येतं, हे हजार वेळा अनुभवल्यावर मेंदू शांत व्हायला शिकतो. पाळीपाळीनं बदलणाऱ्या मावश्यांच्या हाती वाढणाऱ्या मुलाला हा अनुभव अपुरा मिळतो. मग काही मुलं कुणाच्याच जवळ जात नाहीत, तर काही दिसेल त्याच्या गळ्यात पडतात. हे दुसरं आपल्याला गोड वाटतं. वैद्यकशास्त्रात मात्र त्याची नोंद जिव्हाळ्याच्या बंधातला बिघाड म्हणून होते. प्रत्येक मनमोकळं मूल आजारी असतं असं नाही. पण माझ्या मांडीवरची ती मुलगी माझ्यावर लोभ करत नव्हती, ती लक्षण दाखवत होती. आणि एम.डी. झालेल्या मला ते दिसलं नाही.

हे काही नवं ज्ञान नाही. रेने स्पिट्झ या डॉक्टरांनी १९४५ मध्ये दोन ठिकाणच्या तान्ह्या बाळांची तुलना छापली. एक स्वच्छ अनाथालय, पण साधारण आठ बाळांमागे एक परिचारिका. दुसरं तुरुंगातलं पाळणाघर, तिथे कैदी आया स्वतःची बाळं सांभाळत. अनाथालयातली एक-तृतीयांशाहून अधिक बाळं दोन वर्षांत दगावली. तुरुंगात एकही नाही. पुढे रुमानियात, २००० नंतर, बुखारेस्टच्या संस्थांमधल्या १३६ मुलांपैकी निम्म्यांना चिठ्ठ्या टाकाव्यात तसं निवडून पालक-कुटुंबांत पाठवलं. ज्यांना दोन वर्षांच्या आत घर मिळालं त्यांची बुद्धी आणि माया लावण्याची ताकद सर्वांत जास्त सावरली.

अशा मुलाकडे दर दोन-तीन महिन्यांनी नवे काका-मावशी येणार, कडेवर घेणार, रडत निरोप घेणार. दर वेळी जुनीच जखम उघडते. वर पाहुण्यांबरोबर सर्दी-फ्लू येतो, मोबाइलमध्ये फोटो जातात. (बालन्याय कायद्याच्या कलम ७४ नुसार अशा मुलांची ओळख उघड करणं गुन्हा आहे, हे किती जणांना ठाऊक आहे?) आणि पाहुणे देणग्या देतात, म्हणून मुलं संस्थेतच राहणं काहींच्या सोयीचं होतं. २०१९ मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेनं अनाथालयांतल्या अशा स्वयंसेवा-दौऱ्यांच्या धोक्याकडे ठरावात बोट दाखवलं, ते उगाच नाही.

हे सगळं ऐकून गुरुजी दुखावले. "केडगावच्या मुक्ती मिशनला हे सांगाल का?" म्हणाले.

प्रश्न रास्त होता. पंडिता रमाबाईंचे आई-वडील आणि मोठी बहीण दुष्काळानंच नेली होती. १८९६-९७ च्या दुष्काळात त्या स्वतः मध्य प्रांतात जाऊन मुली घेऊन आल्या. १९०० च्या सुमारास केडगावात दीड हजारांच्या आसपास माणसं होती. मुली विणकाम शिकत, छापखाना चालवत. पण गुरुजी, रमाबाई तिथे भेटीला गेल्या नव्हत्या. १९२२ मध्ये डोळे मिटेपर्यंत त्या तिथेच राहिल्या. त्यांच्या हाताखाली आलेल्या परदेशी बायकाही दहा दिवसांचं तिकीट काढून आल्या नव्हत्या. शिवाय त्या मुलींची घरंच दुष्काळानं पुसली होती. आज बालगृहांतल्या बहुसंख्य मुलांची आई किंवा वडील हयात असतात. घरात नसतो तो पैसा.

मी गुरुजींना एवढंच म्हणालो, बारा तिकिटांच्या पैशांत एका मावशीचा काही वर्षांचा पगार निघेल. तोच द्या, म्हणजे मावशी टिकेल. तपासणीला मी येतो, पण एकाच बालगृहात, दर तीन महिन्यांनी. पुतण्यानं फोनवर बरीच हुज्जत घातली. "मुलांना बघायचंच नाही का?" हे त्यानं तीनदा विचारलं. मंडळी अजून येणारच आहेत. चाराचं एक बालगृह झालंय, आणि पगाराचं बोलणं चालू आहे. माझ्या दोन फेऱ्यांच्या तारखा मात्र मी कॅलेंडरवर लिहिल्यात. २००४ चा अनुभव असल्यानं बायकोलाही सांगून ठेवलंय.

त्याच आठवड्यात जवळच्या वस्तीवरची एक विधवा आली. दोन पोरं, थोरला पहिलीत, धाकटा दोन वर्षांचा. "बोर्डिंगात घालायला चिठ्ठी द्या," म्हणाली. चिठ्ठी दिली नाही. महाराष्ट्रात बालसंगोपन योजना आहे, एक पालक गमावलेल्या मुलासाठीही. दर मुलामागे महिन्याला २,२५० रुपये. अर्ज जिल्हा महिला व बाल विकास अधिकाऱ्यांकडे करायचा, मंजुरी बालकल्याण समिती देते. कागद गोळा करायला चार खेपा पडल्या, दोनदा मी फोन केले. तुमच्या ओळखीत असं कुणी असेल तर हे जरूर सांगा.

अर्ज गेलाय, पोरं घरी आहेत. परवा धाकट्याला खोकल्यासाठी आणलं होतं. मी स्टेथोस्कोप उचलला तसा तो आईच्या पदरामागे लपला आणि काही केल्या बाहेर येईना.