आमच्या घरातला दादा, शेजारच्या घरातला दादा

पायथॉनमध्ये व्हेरिएबलला देवनागरी नाव चालतं हे कळलं, त्याच दिवशी मी अर्धी वेडी झाले होते. उरलेली काल रात्री झाले!

बेत साधा होता, वाणसामानाच्या हिशेबाचा. आधी लिहिलं, यादी = ['तूर', 'मटकी']. म्हटलं मूळ यादी जपून ठेवू, खाडाखोड प्रतीत करू. म्हणून प्रत = यादी. मग प्रतीत हरभरा टाकला. सहज यादी छापून बघते, तर तिथेही हरभरा! तिला मी हातसुद्धा लावला नव्हता. आधी लॅपटॉपला बोल लावला, मग झोपलेल्या मुलाला.

बराच वेळ डोकं खाजवल्यावर उजेड पडला. व्हेरिएबल म्हणजे डबा आणि = म्हणजे डब्यात टाकणं, असं मी धरून चालले होते. इथे डबाच नाही हो! वस्तू आपल्या जागी असते, = तिला फक्त नाव देतं. पायथॉनचा सगळा कारभारच नावं ठेवण्याचा. आमचे काका आजीचे बंडू, आईचे भाऊजी आणि कचेरीत रावसाहेब. बंडूने मिशी काढली तर रावसाहेबांची राहील का? यादी आणि प्रत हे तसेच एकच बंडू. वेगळी यादी हवी असेल तर 'कॉपी' सांगून मागावी लागते. आणि प्रत = ['साखर'] लिहिलं असतं, तर मूळ यादीला धक्काही लागला नसता; 'प्रत' हे नाव तिथून सुटून साखरेला जाऊन चिकटलं असतं.

रात्रीचा एक वाजला होता, पण आता थांबवतंय कोण!

एक फंक्शन लिहिलं. बाहेर 'एकूण' होतंच. आत पहिल्या ओळीत एकूण छापलं, दुसरीत एकूण = एकूण + भाव. चालवलं, तर थेट अनबाउंडलोकलएरर, आणि तोही पहिल्याच ओळीवर, जिथे मी नुसतं वाचत होते! दुसरी ओळ खोडली, तर पहिली निमूट चालली. खालच्या ओळीची शिक्षा वरच्या ओळीला?

तर गंमत अशी, की पायथॉन फंक्शन चालवण्याआधी ते सगळं वाचून घेतो. आत कुठेही एखाद्या नावापुढे = दिसलं, की ते नाव त्या अख्ख्या फंक्शनपुरतं घरचं ठरतं. शेजारी कितीही थोरला दादा असो, या घरात दादा म्हटलं की याच घरातला, आणि तो अजून जन्मायचाय! बाहेरचाच हवा असेल तर 'ग्लोबल' असं आधी बजावायचं. फंक्शनच्या पोटात फंक्शन असेल आणि मधल्या घरातलं नाव बदलायचं असेल, तर 'नॉनलोकल'. ही सोय २००८ च्या पायथॉन ३.० पासूनची. यादीत मात्र आतून खुशाल हरभरा टाका, ग्लोबल नको, कारण तिथे नाव नव्याने बांधलं जात नाही, वस्तूच बदलते. दोन्ही कोडी एकाच किल्लीने उघडली तेव्हा मी एकटीच मोठ्याने हसले.

फॉर आणि इफला तर भिंतच नाही. लूपमध्ये ठेवलेलं नाव लूप संपल्यावरही जिवंत असतं. हे मला अजून जरा खटकतंच.

घरात पायथॉन असेल तर वरच्या यादी-प्रतीच्या ओळी आत्ताच लिहून बघा, आणि दोन्ही नावांमध्ये 'इज' घालून त्यालाच विचारा. उत्तर येतं, ट्रू.