तारलीचा जमाखर्च

गेल्या ऑक्टोबरात धाकट्या भावाने पणजीच्या एका दुकानात पर्शियन मांजराचं पिल्लू पाहिलं. पांढरंशुभ्र, चपट्या नाकाचं, निळ्या डोळ्यांचं. घरी येऊन त्याने जेवण सोडलं. पिल्लाची किंमत होती बारा हजार.

आमचे बाबा पायलट आहेत. विमानाचे नव्हेत, पिवळ्या मडगार्डच्या मोटारसायकलचे. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाले, "बारा हजारांत मी गाडीचे दोन्ही टायर बदलीन, इंजिनचं काम करून घेईन, आणि वर तुला एक मांजर आणून देईन. फुकटचं."

भावाची समजूत काढायला म्हणून मी त्याच्याबरोबर त्या दुकानात गेले. पिल्लू काचेच्या पेटीत झोपलं होतं. वय विचारलं तर "असेल दोन महिन्यांचं" एवढंच उत्तर मिळालं. लस टोचली आहे का, त्याचं कार्ड कुठे आहे, असं विचारल्यावर दुकानदार हसला. पिल्लाला कसली कार्डं? २०१८ साली प्राणी विकणाऱ्या दुकानांसाठी केंद्र सरकारचे नियम आले आणि अशा दुकानांना राज्याच्या प्राणी कल्याण मंडळाकडे नोंदणी करावी लागते, हे मला पुष्कळ नंतर समजलं. त्या दिवशी मी फक्त किमतीची पाटी बघत होते.

त्याच आठवड्यात शुक्रवारी म्हापशाच्या बाजारात मी आईबरोबर मासळी घ्यायला गेले. आमची नेहमीची नुस्तेकान्न बसते तिथे, तिच्या टोपलीमागे, एका राखाडी पट्ट्यांच्या पिल्लाने तारलीचं डोकं तोंडात धरलं होतं. डोकं त्याच्या स्वतःच्या डोक्याएवढं होतं. मी बघत राहिले. ती म्हणाली, "पयशे नाकात गो बाये, व्हर."

पैसे नकोत, ने. एवढं सोपं होतं सगळं. आईच्या कापडी पिशवीत भाजीवर बसून ते पिल्लू घरी आलं. भावाने नाव ठेवलं तारली. आजी म्हणाली, "बरं झालं, बाजारातल्या कुत्र्यांपासून तारली खरी."

बी.ए.ला अर्थशास्त्र हा माझा एक विषय आहे. एका जुन्या वहीत मी हौसेने लिहिलं : तारलीचा जमाखर्च. पहिली ओळ : मांजर, ० रुपये.

दुसरी ओळ तिसऱ्याच दिवशी लिहावी लागली. आम्ही तिला प्रेमाने बशीभर गाईचं दूध दिलं होतं. मांजर म्हटलं की दूध, हे आपल्या सगळ्यांच्या डोक्यात पहिलीच्या पुस्तकापासून बसलेलं असतं. तिला जुलाब सुरू झाले. मूठभर जीव, संध्याकाळपर्यंत मान टाकली. बाबांच्या गाडीवरून डॉक्टरांकडे नेलं. डॉक्टर म्हणाले, "पुष्कळ मांजरांना गाईचं दूध पचत नाही. आणि नुसतं दूधभात घालून ठेवलंत तरी चालणार नाही. मांजराला टॉरीन लागतं. ते मासळीत, मटणात, चिकनमध्ये मिळतं, भातात नाही. ते कमी पडलं तर डोळे जातात, हृदय कमजोर होतं." तपासणी ३००, जंताचं औषध ६०, जुलाबाची औषधं १८०. येताना झाकणाची टोपली घेतली, १५० रुपये.

पुढे ओळी वाढत गेल्या. आठ आठवड्यांची झाल्यावर तीन रोगांवरची एकत्र लस, तिला ट्रायकॅट म्हणतात. मग तीन-चार आठवड्यांनी तिचाच दुसरा डोस. एकेक ९०० रुपयांचा. मग रेबीजची लस, ३००. शौचासाठी वाळू विकत आणायची तर तोही खर्च होता, पण शेजारच्या सुताराने लाकडाचा भुसा फुकट दिला. खाण्याचं म्हणाल तर नुस्तेकान्न डोकी-शेपट्या बाजूला काढून ठेवायची, तरी कोरडं खाणं आणि अधूनमधून चिकन धरून महिन्याला सहाशे रुपये जात. जून-जुलैत मासेमारी बंद असते, १ जून ते ३१ जुलै, तेव्हा आमच्याच ताटात खारे बांगडे आले. ते तिला घालायचे नव्हते, इतकं मीठ मांजराला सोसत नाही. त्या दोन महिन्यांत चिकन जास्त आणावं लागलं.

हे पैसे आले कुठून? थोडे बाबांनी दिले, थोडे मी दिले. मी दोन मुलांची शिकवणी घेते. खरं सांगायचं तर या खर्चाचं मला कधी ओझं वाटलं नाही. संध्याकाळी मी वह्या तपासताना ती लाल पेनाच्या टोकावर झडप घालायची. जेवण सोडणारा भाऊ तिच्यासाठी मासळीचे काटे काढायला शिकला. रात्री बाबांच्या गाडीचा आवाज ती आमच्याआधी ओळखायची आणि पायरीवर जाऊन बसायची. दिवसभर उन्हात स्टँडवर बसलेला माणूस घरी आल्यावर पहिलं वाक्य मांजराशी बोलायचा.

मग आली ती ओळ, जी मी वेळेवर लिहिली नाही.

फेब्रुवारीत डॉक्टर म्हणाले, "सहा महिन्यांची झाली, आता ऑपरेशन करून घ्या." साडेतीन हजार. आजीने कानांवर हात ठेवले. "एकदा तरी लेकरं होऊ दे गो तिला. बाईचा जन्म आहे." डॉक्टरांनी सांगितलं होतं की एकदा वीण झाल्याने मांजरीच्या तब्येतीला काही फायदा होत नाही. तरी मी आजीशी वाद घातला नाही, कारण आजीचं म्हणणं माझ्या सोयीचं होतं. साडेतीन हजार वाचत होते. बाबाही म्हणाले, बघू पुढे. मार्चमध्ये तारली दोन रात्री घराबाहेर राहिली. नऊ आठवड्यांनी, मेच्या मध्यावर, आईच्या जुन्या साड्यांच्या खोक्यात चार पिल्लं झाली.

आजी खूश, भाऊ खूश. मीही. चार पिल्लं एकावर एक चढून दूध पितात तेव्हा कोण हिशेब करील?

जुलैत पिल्लं आठ आठवड्यांची झाली. चौघांची पहिली लस म्हणजे ३,६०० रुपये. पाऊस कोसळत होता. पावसात पायलटच्या मागे कोण बसतं? बाबांचे काही दिवस पेट्रोलपुरतीही कमाई होत नव्हती, आणि पुढे चवथीचा खर्च उभा होता. बाबा म्हणाले, "चवथीनंतर बघू." माझ्याकडे शिकवणीचे दोन हजार होते. त्यात दोन पिल्लांची लस झाली असती. उरलेल्या दोघांचे पैसे मागाहून दिले तर चालतील का, असं डॉक्टरांना विचारता आलं असतं. मी विचारलंच नाही. त्याच आठवड्यात आमच्या वर्गाची पावसाळी सहल होती, हरवळ्याचा धबधबा आणि तांबडी सुर्ला. मी १,१०० रुपये भरले. पिल्लं तर चांगली खेळताहेत, एका महिन्याने काय बिघडतंय, असं मनाशी म्हटलं. सहल छान झाली. धबधब्याजवळच्या फोटोत मी खूप हसते आहे.

ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात सगळ्यात धाकटं पिल्लू ओकायला लागलं. दुसऱ्या दिवशी ते पाण्याच्या वाटीवर मान घालून नुसतं बसून राहिलं. पाणी पीत नव्हतं, वाटीपासून हलतही नव्हतं. डॉक्टरांनी बघितलं आणि म्हणाले, "पॅनल्यूकोपेनिया. लस दिली नव्हती ना?" मी मान खाली घातली. या विषाणूवर नेमकं औषध नाही. सलाईन द्यायचं, उलट्या थांबवायच्या आणि वाट बघायची, एवढंच हातात असतं. रक्तातल्या पांढऱ्या पेशी कमी होत जातात आणि अंगात लढायला काही उरत नाही. ते तिसऱ्या रात्री गेलं. चार दिवसांनी दुसरंही गेलं, काळं, ज्याला भाऊ स्वतःचं म्हणत होता.

बाकीची दोन कशी वाचली, असं मी विचारलं. डॉक्टर म्हणाले की आईच्या दुधातून मिळालेलं संरक्षण हळूहळू ओसरतं, आणि ते प्रत्येक पिल्लात वेगवेगळ्या वेळी ओसरतं. म्हणून तर लस एकदा देऊन भागत नाही, पुन्हा द्यावी लागते. म्हणजे तारलीला टोचलेल्या लशीचा थोडासा भाग तिच्या दोन पिल्लांना अजून पुरला होता आणि दोघांना पुरला नव्हता. उपचारांचे २,४०० झाले. बाबांनी ते कोणाकडून तरी उसने आणले. लस टोचायला जे पैसे नव्हते, ते पिल्लं मरताना मात्र उभे राहिले. गरिबाच्या घरात नेहमी असंच होतं, असं मी म्हणणार होते. पण ते पूर्ण खरं नाही. आमच्या घरात त्या महिन्यात १,१०० रुपये होते.

मागच्या अंगणात फणसाखाली दोन्ही पिल्लं पुरली. हा विषाणू घरात वर्षभरसुद्धा टिकतो म्हणून ब्लीचच्या पाण्याने फरशी धुतली, खोकं जाळलं. आजी काही बोलली नाही. दुसऱ्या दिवशी पदराच्या गाठीतून तिने पाचशेची नोट काढली आणि माझ्या हातात ठेवली. "तारलीच्या ऑपरेशनाला," म्हणाली.

त्या रात्री मी वही उघडली आणि मांजराच्या हिशेबात एक ओळ लिहिली : सहल, १,१०० रुपये.

सप्टेंबरात तारलीचं ऑपरेशन झालं. वर्ष पुरं झालं म्हणून मी तिच्या पानाची बेरीज केली. टोपली १५०, पहिली तपासणी आणि औषधं ५४०, ट्रायकॅटचे दोन डोस १,८००, रेबीज ३००, खाणं ७,२००, ऑपरेशन ३,५००. एकूण १३,४९० रुपये. पिल्लांचं पान वेगळं.

भावाने आकडा बघितला आणि म्हणाला, "मग ते पांढरंच घेतलं असतं की, बारा हजारांत!"

"आणि त्याच्यावर हे तेरा हजार वेगळे," मी म्हटलं. "त्याला काय लस लागत नाही? त्याला पोट नाही? शिवाय त्याचे लांब केस रोज विंचरायचे."

बाबा हसले. "म्हणजे मांजर बारा हजारांचं असो की फुकटचं, खर्च घरी आल्यावरच सुरू होतो. गाडीचं पण तसंच."

वाचलेल्या दोन पिल्लांना लस दिली आणि मग त्यांच्यासाठी घरं शोधायला लागले. तेव्हा मला एक गोष्ट जाणवली. लोक विचारायचे, "कितीला?" आणि मी तोंड उघडून म्हणणार होते, "पैसे नकोत, न्या." तेच वाक्य. नुस्तेकान्न खोटं बोलली नव्हती, तिला खरंच पैसे नको होते. पण ते वाक्य ऐकून मी समजले होते की मांजराला पैसे लागत नाहीत.

म्हणून मी एका कागदावर वर्षाचा हिशेब लिहून काढला. खाली लिहिलं : ऑपरेशन सहाव्या महिन्यात करावं, पुढे ढकलू नये. पैसे कमी असतील तर आधी विचारावं. भटक्या मांजरांसाठी कमी पैशांत किंवा फुकट ऑपरेशन करणाऱ्या संस्था गोव्यात आहेत. पिल्लू मागणाऱ्या प्रत्येकाला आधी हा कागद दिला.

आईने डोक्याला हात लावला. "अशाने कोण नेईल गो?" तिचं खरं होतं. वाड्यावरच्या एक काकू कागद वाचून म्हणाल्या, "फुकटच्या मांजराला तेरा हजार? उंदीर धरायला हवं होतं मला." कॉलेजमधल्या दोन मैत्रिणींनी पिल्लाबरोबर फोटो काढले आणि "घरी विचारून सांगते" म्हणून गेल्या. त्यांचा मला राग आला नाही. कागद वाचून नाही म्हणणं हे पिल्लू नेऊन वाऱ्यावर सोडण्यापेक्षा बरं.

मग एक निवृत्त प्राथमिक शिक्षक आले. चष्मा पुसून त्यांनी कागद वरपासून खालपर्यंत वाचला. खाणं महिन्याला सहाशे, इथे थांबले. "आमच्याकडे रोज मासळी असते. पाचशेत भागवीन." मग त्यांनी एकच विचारलं, "रात्री आजारी पडलं तर न्यायचं कुठे?" वर्षभरात एवढ्या लोकांनी या पिल्लांचं कौतुक केलं, पण हा प्रश्न पहिल्यांदाच कोणी विचारला. मी कागदाच्या मागे डॉक्टरांचा फोन नंबर लिहून दिला. त्यांनी पिल्लू नेलं. दुसरं अजून आमच्याकडेच आहे. त्याचं नाव ठेवायचं नाही असं ठरलं होतं. भाऊ त्याला बांगडो म्हणतो, तेव्हा ते आता कुठे जाणार नाही असं दिसतंय.

परवा शुक्रवारी बाजारात गेले तर नुस्तेकान्नेच्या टोपलीमागे पुन्हा तीन पिल्लं. तारलीचीच आई असावी, तेच राखाडी पट्टे. मी तिला ऑपरेशनाचं सांगितलं. ती बांगडे कापत होती, मान वर न करता म्हणाली, "आनी पयशे कोण दितलो?"

प्रश्न बरोबर होता. मी एका संस्थेला फोन केला. मांजरीला आणून दिलीत तर ऑपरेशन करून देऊ, असं ते म्हणाले. येत्या शुक्रवारी बाबा गाडी घेऊन येणार आहेत, मी मागे टोपली धरून बसणार आहे. तीच टोपली, १५० रुपयांची. त्या दिवशीचं पेट्रोल कुठल्या पानावर लिहायचं ते अजून ठरवलेलं नाही.