कच्च्या कैद्याची चिठ्ठी

येरवड्याच्या तुरुंगात २४ सप्टेंबर १९३२ला एक करार झाला. कायदेमंडळात अस्पृश्यांना जागा किती, त्यांचा माणूस कुणी निवडायचा, याचा. गांधीजी तिथे कैदेत, उपोषणाने खंगलेले. बाबासाहेब बाहेरून आलेले, पेचात धरलेले. प्रांतांत १४८ राखीव जागा ठरल्या. कोट्यवधींच्या मतांचा सौदा ज्या भिंतींनी ऐकला, त्याच भिंतींच्या आत आज कच्च्या कैद्याला मत नाही.

१३ मे २०२४ला पुण्यात मतदान झालं. भिंतीबाहेर शाळांपुढे रांगा, शाई लावलेल्या बोटांचे फोटो. आत मात्र रोजचाच दिवस: गिनती, चहा, पुन्हा गिनती.

१९५१च्या लोकप्रतिनिधित्व कायद्याचं कलम ६२(५) सांगतं, तुरुंगात किंवा पोलीस कोठडीत असलेल्याने मतदान करायचं नाही. शिक्षा झालेला आणि न झालेला, दोघे एकाच मापात. २०२२च्या अखेरीस देशातल्या तुरुंगांत ५ लाख ७३ हजार माणसं होती. त्यातली ४ लाख ३४ हजार कच्ची. म्हणजे ज्यांचा गुन्हा अजून ठरायचाच आहे.

तुझं नाव मतदारयादीतून कुणी खोडलेलं नाही रे. म्हणून तर मतदानाची चिठ्ठी घरी येते. पत्र्याच्या दारातून बायको ती घेते; तुझं नाव, वय, बापाचं नाव, खोली क्रमांक, सगळं बरोबर. मुलाकतीला ती नेऊन काय करणार? तारखेच्या कागदांबरोबर पिशवीत ठेवून देते. तिचं स्वतःचं मत आहेच. पण त्या दिवशी मजुरी बुडवायची की पुढच्या तारखेसाठी राखायची, हा हिशेब तिला एकटीलाच करायचा असतो.

सर्वोच्च न्यायालयाने १९९७मध्ये हे कलम उचलून धरलं. कैद्यांच्या मतदानाला बंदोबस्त फार लागेल, आणि माणूस आत जातो तो आपल्याच वागण्याने, असं म्हटलं. आपल्याच वागण्याने! खटला उभा राहण्याआधीच?

गंमत पुढेच आहे. प्रतिबंधक कायद्याखाली स्थानबद्ध केलेला माणूस टपालाने मत देऊ शकतो. खुनाचा आरोपी जामिनावर सुटला तर खुशाल रांगेत उभा राहतो. कच्चा कैदी निवडणूकसुद्धा लढवू शकतो. २०१३मध्ये न्यायालयाने ती वाट बंद केली, तर संसदेने त्याच वर्षी कायदा बदलून उघडून दिली. जॉर्ज फर्नांडिस १९७७मध्ये तुरुंगातूनच मुझफ्फरपूर जिंकले होते. २०२२च्या जूनमध्ये अनिल देशमुख आणि नवाब मलिक या आमदारांना कोठडीतून राज्यसभा आणि विधान परिषदेच्या मतदानाला जाऊ दिलं नाही, तेव्हा वर्तमानपत्रांचे रकाने भरले. तुझ्या मताचा रकाना कुठल्या पानावर असतो?

पण तू एकटा नाहीस, हेच वाईट. कुठेही चोरी झाली की पहिली धाड पारध्यांच्या पालावर, झोपडपट्टीच्या शेवटच्या गल्लीत. जामीन होतो, पण जामीनदार मिळत नाही. सातबारा कुणाच्या बापाकडे होता? मग चार घरांतले चार कर्ते आत, आणि मागे राहिलेल्यांना पोलीस, तलाठी, नगरसेवक सगळेच एका गणवेशातले वाटू लागतात. प्रचाराच्या दिवसांत यादी घेऊन फिरणारा कार्यकर्ता गल्लीच्या तोंडाशी थांबतो. किती मतं आहेत इथे? हा आत, तो आत, हिचा भरवसा नाही. तो पेन खिशात ठेवतो आणि गाडी पुढच्या सोसायटीकडे वळवतो. नळाचं आश्वासनही त्याच्याबरोबर तिकडेच जातं.